देण्याची शाल

जानेवारी लागला की आमच्या शहरात गुलमंडीवरच्या दुकानांत शालींचे गठ्ठे पुढं येतात. थंडीमुळं म्हणावं, तर आमची थंडी सकाळी नऊ-दहापर्यंतची. त्यानंतर कानावरचा मफलर गळ्यात येतो आणि गळ्यातला पिशवीत जातो. शाली खपतात त्या सत्कारांसाठी. शाळांची गॅदरिंगं, जयंत्या, पतसंस्थांचे वर्धापनदिन, कुणाची निवृत्ती, आणि सगळ्यांच्या वर सव्वीस जानेवारी. या महिन्यात ज्याच्या खांद्यावर एकदाही शाल पडली नाही, त्यानं आपण नक्की याच जिल्ह्यात राहतो ना, हे एकदा तपासून घ्यावं.

परवा मला खरोखरीची शाल हवी होती. वय झालं की संध्याकाळी गॅलरीत बसताना खांदे आधी गारठतात. दुकानदार जुना, ओळखीचा. त्यानं विचारलं, "मॅडम, देण्याची दाखवू का पांघरण्याची?"

"दोन्हींत फरक काय?"

"देने की हलकी असते. घडी छान बसते, फोटोत चमकते. पांघरण्याचा माल वेगळा. तो वर आहे, थांबा." असं म्हणून तो शिडी लावून माळ्यावर चढला. मी स्टुलावर बसून राहिले. समोरच्या गठ्ठ्यात एक मोरपंखी शाल होती, सोनेरी काठाची. ती बघता बघता मला अश्विनी आठवली, आणि तो सगळा जानेवारी आठवला. हुरड्याच्या धुराच्या वासाचा, माइकच्या खरखरीचा. दुकानदार खाली उतरून दोनदा "मॅडम" म्हणाला, तेव्हा कुठं मी भानावर आले.

माझं काम लोकांना सांगायचं म्हणजे अवघड जातं. ज्या मुलांनी काहीतरी भयंकर सोसलंय, घरातला मृत्यू म्हणा, मारहाण म्हणा, आग, अपघात, ती मुलं दिवसभर ज्यांच्या हाताखाली असतात त्या मोठ्यांना मी शिकवते. शाळेतले शिक्षक, अंगणवाडीच्या ताया, संस्थांमधल्या समाजसेविका. अशा मुलाशी रोजचं बोलणं-वागणं कसं असावं, त्याला कशाची भीती वाटते ते ओळखावं कसं, आणि मुख्य म्हणजे मायेनं काही करायला जाऊन त्याला पुन्हा पुन्हा दुखवू कसं नये. माझा नवरा याला "शहाण्या माणसांना गप्प बसायला शिकवण्याचा धंदा" म्हणतो. अगदीच खोटं नाही ते.

त्या वर्षी असं प्रशिक्षण लासूर स्टेशनच्या पुढच्या एका गावातल्या शाळेत होतं. सकाळच्या गाडीनं निघायचं, खिडकीची काच वर करायची हिंमत नाही इतका गारठा, बाहेर कापसाची वेचणी संपलेल्या पराट्या करड्या उभ्या, मध्येच शाळू ज्वारीचा हिरवा पट्टा. कुठंतरी रानात खतासाठी मेंढरं बसवलेली असायची. उन्हं वर आली की त्यांच्या पाठींवरचं दव वाफ होऊन निघताना दिसायचं. मला हा प्रवास फार आवडायचा. जिथं पोचायचं तिथं सोपं काही नसायचं, पण तोवरचा तास माझा एकटीचा असायचा.

त्या शाळेचे मुख्याध्यापक जाधव सर. आडवा बांधा, खणखणीत आवाज, मोठी बागायत आणि तेवढंच मोठं मन. मुलांच्या वह्या, चपला, कुणाचा दवाखाना, सगळं खिशातून. आवाज असा, की त्यांना माइकची गरज कधीच नव्हती, आणि माइकवर प्रेम असं, की हातातून सुटायचा नाही. त्यांनी आमच्या प्रशिक्षणाचं उद्घाटन ठेवलं होतं. टेबलावर स्वच्छ चादर, हार, नारळ. आजूबाजूच्या गावांतले शिक्षक आलेले, शहरातून काही समाजसेविका आलेल्या. दीपप्रज्वलन झालं, स्वागतगीत झालं, आणि सर म्हणाले, "आता प्रशिक्षणाच्या आधी, ज्या विषयासाठी आपण जमलो, त्या विषयाला धरूनच आपल्या शाळेच्या एका शूर कन्येचा सत्कार."

सहावीतली एक मुलगी पुढं आली. दोन घट्ट वेण्या, निळ्या स्कर्टवर मोठ्या कुणाचा तरी स्वेटर. ही अश्विनी. सर सांगू लागले. अश्विनीचं कुटुंब मेंढपाळांचं. पावसाळ्याच्या शेवटी तिची आई मेंढरांसाठी पाणी काढायला शेततळ्यावर गेली होती. शेततळ्याला प्लॅस्टिकचा कागद अंथरलेला असतो, त्यावर शेवाळ धरलं की पाय ठरत नाही. धाकटा भाऊ घसरला, त्याला धरायला आई गेली, तीही घसरली. अश्विनीनं काठावरून ओढणी टाकली आणि भावाला बाहेर ओढलं.

सर रंगून सांगत होते, समोरच्या बायकांनी डोळ्यांना पदर लावले होते. मी मुलीकडं बघत होते. तिचे ओठ हलत होते. सरांच्या वाक्यांबरोबर, शब्दाला शब्द, आवाज न करता. "क्षणाचाही विलंब न लावता" याला हलले, "आपल्या इवल्या हातांनी" याला हलले. पाढे म्हणताना मुलं करतात तसं. पाठ होतं तिला ते सगळं. आणि सर जेव्हा म्हणाले, "आईला मात्र ती वाचवू शकली नाही," तेव्हा ओठ थांबले. पुढचं वाक्य सुरू झालं की पुन्हा हलू लागले.

शाल घालायची होती मी, प्रमुख पाहुणी म्हणून. मोरपंखी शाल माझ्या हातात दिली गेली. त्या क्षणी मला इतकी चीड आली, की आजही दुकानात बसल्या बसल्या कानशिलं तापली. पण चिडायचं कुणावर? सगळ्यांचे डोळे खरोखर भरलेले. मी शाल टेबलावर ठेवली आणि माइकवर म्हटलं, "सर, मला सकाळपासून चहा मिळालेला नाही. आधी चहा घेऊ या का?" लोक हसले. चहा आधीच झाला होता हे सरांना माहीत होतं, पण पाहुणीला नाही कसं म्हणणार? अश्विनी क्षणभर उभी राहिली आणि मग वर्गाच्या दिशेनं चालू लागली. दारापाशी गेल्यावर पळाली.

चहाच्या वेळी तिच्या वर्गशिक्षिका, सुरेखाबाई, माझ्याजवळ आल्या. बारीक अंगाच्या, बोलताना सारखी साडीची पिन चाचपणाऱ्या. म्हणाल्या, "मॅडम, बरं केलंत. हिचे सत्कार झाले की ही आठ-आठ दिवस शाळेत येत नाही. पोट दुखतं म्हणते. ग्रामपंचायतीनं केला तेव्हा तसंच, यात्रेत केला तेव्हाही तसंच. सर म्हणतात, लाजते. आता सव्वीस जानेवारीला तालुक्याला मोठा सत्कार आहे. तिचा बाप मेंढरं घेऊन फिरतीवर असतो, ही आत्याकडं राहते. तो म्हणतोय, पोरगी शाळेत टिकतच नसंल तर ह्या खेपेला मेंढरांमागं घेऊन जातो. एकदा गेली की संपलं, मॅडम. मी अशा किती तरी पाहिल्यात."

सत्कार नावाच्या गोष्टीचा मी नंतर पुष्कळ विचार केलाय. आपल्याला कुणाबद्दल आतून काही वाटलं, की ते चारचौघांत सांगितल्याशिवाय चैन पडत नाही. घरी जाऊन त्या पोरीच्या शेजारी गुपचूप बसण्याची आपल्याला सवय नाही. काय बोलावं सुचत नाही, हात कुठं ठेवावे कळत नाही. म्हणून मग नारळ. नारळ असला की हातांची सोय होते. दुःख वाटून घेतलं की हलकं होतं, असंही आपण धरून चालतो. होतही असेल. पण ज्याचं असतं त्यानं ते वाटायचं असतं, दुसऱ्यानं माइकवरून नव्हे.

सरांशी त्या दुपारी माझी बरीच जुंपली. ते दुखावले होते. "मग काय कौतुकच करायचं नाही का पोरांचं? बाकीच्यांनी कुणाकडं बघून शिकायचं?" दोघा-तिघा शिक्षकांनी माना डोलावल्या. शहरातल्या जुन्या वस्तीत काम करणारी शबाना एका कोपऱ्यात बसली होती, ती म्हणाली, "सर, हमारे मोहल्ले में एक बच्ची है. उसके घर को आग लगी थी. जो भी आता है, बिचारी, बिचारी करता. आता लहान पोरं तिला खेळताना 'ए बिचारी' म्हणून हाक मारतात. बच्ची का नामच वो पड गया." सरांनी चष्मा पुसला.

मी मग नेहमीचा एक खेळ घेतला. सगळ्यांना सांगितलं, आयुष्यातली सर्वांत वाईट घटना आठवा आणि शेजाऱ्याला सांगायची तयारी करा. कुणी खुर्ची सरकवली, कुणी पाण्याची बाटली उघडली, एक गुरुजी उगाच हसले. थोडा वेळ तसाच जाऊ दिला आणि म्हटलं, "राहू द्या. कुणीच काही सांगायचं नाहीये. फक्त एवढंच सांगा, आत्ता पोटात काय झालं?"

"कालवलं," एक बाई म्हणाल्या. "तळहाताला घाम आला," दुसरं कुणी. जाधव सरांना काय आठवलं ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. पण सव्वीस जानेवारीचं नाव काढलं की ते म्हणत, "पत्रिका छापून आल्यात, मॅडम." पत्रिकेवर नाव छापलं गेलं की आपल्याकडं ते पुसायची रीत नाही.

अजूनही प्रत्येक नव्या गटात कुणीतरी तोच प्रश्न विचारतं, की मग आम्ही काहीच करायचं नाही का. मी सांगते, करायचं. पुष्कळ करायचं. पण त्यातलं बरंचसं दिसत नाही. वेळ ठरवून दिली तर ती पाळायची. अचानक मागून हात लावायचा नाही. मूल बोलत नसेल तर बोलतं करायच्या मागं लागायचं नाही, पण उठूनही जायचं नाही. त्याला निवडू द्यायचं, खिडकीजवळ बसतोस का दाराजवळ, एवढं साधं का होईना. हे ऐकताना लोकांचे चेहरे थोडे पडतात. त्यांना काहीतरी मोठं करायचं असतं. मलाही पूर्वी करायचं होतं, आता या छोट्या गोष्टींतच जीव रमतो.

प्रशिक्षणाच्या शेवटच्या दिवशी जाधव सरांनी सगळ्यांना त्यांच्या शेतात हुरड्याला बोलावलं. भांडण विषयावर, पाहुणचारावर नाही, असा तो माणूस. दुपारची उन्हं, शाळूची कणसं दुधात आलेली. बांधाजवळ खड्ड्यात गोवऱ्यांचा विस्तव केलेला आणि तिथं कणसं भाजायला अश्विनीची आत्या, कौसाबाई. ती सरांच्याच शेतात कामाला होती. तिच्या मागं अश्विनीचा धाकटा भाऊ बोरं खात बसलेला. आणि अश्विनी पोत्यावर बसून गरम कणसं तळहातांवर चोळत होती. हुरडा चोळायला कसब लागतं. हात भाजू द्यायचे नाहीत आणि कणीस निवूही द्यायचं नाही. मी चोळला तर निम्मा भुसा. पोरीच्या हाताखालून मात्र हिरवे दाणे टपटप पडत होते.

सुरेखाबाई तिच्याशेजारी जाऊन बसल्या आणि त्यांनीही एक कणीस उचललं. काही विचारलं नाही. त्यांना ते जड जात असणार, कारण पिन सारखी चाचपली जात होती. मी पलीकडं बसून दही वाढत होते. गोवऱ्यांचा धूर वाऱ्यानं एकदा इकडं यायचा, एकदा तिकडं. मग अश्विनी कणसावरची नजर न काढता म्हणाली, "बाई, सव्वीस जानेवारीला मी यायलाच पाहिजे का?"

"तुला कसं वाटतं?" बाईंनी विचारलं.

"नाय यायचं. तिथं परत सांगत्यात."

एक कणीस पुरतं चोळून झालं, तेव्हा अश्विनी पुढं म्हणाली, "एकाला काढलं म्हणून सांगत्यात सगळे. आत दोघं व्हते."

जाधव सर गुळाची ताटली घेऊन तिच्या मागंच उभे होते. त्यांनी ऐकलं. त्यांना तिथं बघून मला वाटलं, आता हा माणूस भरल्या गळ्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवून भाषण करणार. त्यांनी ताटली पोत्याच्या कडेला ठेवली आणि ते बांधाकडं चालत गेले. पाठमोरे उभे राहिले. आले ते हात धुऊन आले आणि सगळ्यांना हुरडा वाढायला लागले. स्वतः काही खाल्लं नाही. सुरेखाबाई एवढंच म्हणाल्या, "व्हय गं. दोघं होते," आणि पुढचं कणीस तिच्या हातात दिलं.

निघताना सर मला जीपपर्यंत सोडायला आले. "मॅडम, किती वेळा सांगितलं असंल मी हे तिच्यासमोर?"

"मोजू नका, सर."

"आता तालुक्याच्या साहेबांना काय सांगू? पोरगी लाजती म्हणलं तर म्हणतील, घेऊन या, आम्ही बघतो."

"मग ताप आलाय म्हणा."

ते पहिल्यांदा हसले. "प्रशिक्षणात खोटं बोलायला शिकवता व्हय?" पण मग गंभीर झाले. "नाय. मीच सांगतो, की आम्हीच नको म्हणतोय. नाराज झाले तर झाले."

मागून येणाऱ्या कौसाबाईनं ते ऐकलं आणि ती थांबली. तिला हे पटलेलं नव्हतं. "सर, तिचा बाप सत्काराच्या नावानं तरी गावाकडं येतो. सत्कार नाय म्हणलं तर म्हणंल, मग शाळा कशाला? चल मेंढरांकडं. त्याला काय सांगू मी?"

"त्याला म्हणावं, शाळेत लेझीम हाय, पोरगी खेळणार हाय. ते बघायला ये," सर म्हणाले. लेझीम बघायला कुणी मेंढरं सोडून येतं का, हे कौसाबाईच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

सव्वीस जानेवारीला मला खरं तर शहरातच झेंडावंदनाला जायचं होतं. घरात राहवलं नाही. पहाटे स्वेटरवर स्वेटर घालून निघाले. शाळेच्या मैदानावर चुन्याच्या रेघा ओल्या होत्या, कढईत जिलब्या तळल्या जात होत्या आणि माइक नेहमीसारखा खरखरत होता. मी भिंतीकडेला उभी राहिले. सरांनी मला पाहिलं, पण व्यासपीठावर बोलावलं नाही. त्यांच्याकडून ही केवढी मोठी गोष्ट होती, ते त्यांना ओळखणाऱ्यालाच कळेल. झेंडा झाला, भाषण झालं. लहानसंच झालं, आणि त्यात अश्विनीचं नाव आलं नाही.

कौसाबाई धाकट्याला कडेवर घेऊन पालकांमध्ये उभी होती. तिच्या शेजारी लाल फेट्याचा, खांद्यावर घोंगडी टाकलेला एक उंच माणूस होता. बाप आला होता. हात मागं बांधून, कुणाकडं न बघता. त्याच्याकडं बघून मला काहीच अंदाज येईना. लेझीम बघून तो पोरीला इथंच ठेवून जाईल, की इथूनच घेऊन जाईल?

लेझीम सुरू झाली. अश्विनी दुसऱ्या रांगेत होती. सुरुवातीला तिचं सगळं लक्ष बापाकडं. मग शेजारच्या मुलीनं काहीतरी म्हटलं, ही हसली, आणि तिचा पाय चुकला. एकीचा चुकला की पुढं पाचजणींचा चुकतो. शिट्टी वाजवत सुरेखाबाई तरातरा रांगेत शिरल्या. "ए अश्विनी! लक्ष कुठंय तुझं? सगळी रांग बिघडवलीस. पाय बघ, पाय!"

लेझीम थांबली. आई गेल्यापासून त्या पोरीला कुणी ओरडलं नव्हतं. घरी नाही, दारी नाही. बाईंच्याही ते ध्यानात आलं असावं, कारण शिट्टी त्यांच्या ओठांपाशीच राहिली. कौसाबाईनं तोंडाला पदर लावला. अश्विनीनं मान वर करून बाईंकडं पाहिलं, खालचा ओठ दाताखाली धरला, आणि पायांकडं बघून पुन्हा पहिल्यापासून चाल धरली. या वेळी तिचा पाय बरोबर पडला, शेवटपर्यंत.

कार्यक्रम संपल्यावर ती जिलबीचा कागद हातात घेऊन पळतच बापाकडं आली. मी जवळच होते.

"आबा, बाई मला वरडल्या," ती म्हणाली. तक्रार अजिबात नव्हती त्यात. असलाच तर तोरा होता.

"व्हय. ऐकलं म्या."

"गॅदरिंगला हीच लेझीम हाय. उद्या सकाळी लवकर ये म्हणल्या सरावाला. नाय आलीस तर मागच्या रांगेत टाकीन म्हणल्या."

बापानं घोंगडी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. मैदानाकडं पाहिलं, मग तिच्याकडं पाहिलं.

"मग लवकर ऊठ," तो म्हणाला. "मागं कशाला ऱ्हातीस."